ब्रेक लागला की टीव्ही अंगावर येतो: जाहिरातींचा आवाज मोठा का वाटतो आणि घरच्या घरी काय करता येतं

सिरीयलमध्ये कोणीतरी हळू आवाजात काहीतरी महत्त्वाचं बोलत असतं म्हणून आपण व्हॉल्यूम चार-सहा आकडे वर नेतो आणि तेवढ्यात ब्रेक लागतो, मग डिटर्जंट नाहीतर गुटख्याच्या ब्रँडची वेलची धाडकन अंगावर येते, झोपलेलं बाळ उठतं, रिमोट शोधेपर्यंत तीन जाहिराती होऊन जातात. ब्रेक संपला की पुन्हा आवाज वाढवा. हे रोज रात्री लाखो घरांत चालू आहे आणि बहुतेकांनी ते नशीब म्हणून सोडून दिलंय, पण सोडून द्यायची गरज नाहीये, यातला बराचसा भाग टीव्हीच्या मेनूतूनच आटोक्यात येतो. मी रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगच्या कामात आहे, जाहिरातीही केल्यात, ओळखीतल्या लोकांकडून हा प्रश्न सारखा येतो म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

आधी कारण, कारण ते कळलं तर पुढचे उपाय कुठल्या क्रमाने करायचे ते आपोआप कळतं.

लोकांना वाटतं चॅनलवाले ब्रेकमध्ये कुठलातरी खटका वर सरकवतात. कधीकधी लेव्हल खरंच चुकलेली असते, त्यावर खाली येतोच, पण नेहमीचा प्रकार वेगळा आहे. आवाजाला दोन मापं असतात, एक म्हणजे टोक, आवाज एखाद्या क्षणी जास्तीत जास्त किती वर गेला ते, आणि दुसरं म्हणजे सरासरी, एकूण त्या वेळात तो किती भरलेला होता ते. प्रसारणाच्या यंत्रणेत वर्षानुवर्षं मर्यादा होती ती टोकाला, म्हणजे या रेषेच्या वर जायचं नाही. सिरीयल ती मर्यादा पाळते, जाहिरातही पाळते. पण सिरीयलमध्ये कुजबुज असते, शांतता असते, दार आपटतं, मग कोणीतरी ओरडतं, तेव्हा टोक गाठलं जातं ते एखाददुसऱ्या क्षणी. जाहिरातीत वीस सेकंदांत सगळं सांगायचं असतं, तिथे कंप्रेसर आणि लिमिटर लावून हळू शब्द वर उचलतात, मोठे शब्द वरून दाबतात, आणि मग अख्खा ट्रॅक त्या रेषेला टेकेपर्यंत चढवतात. दोन सारखेच डबे घ्या, एकात चुरमुरे आणि दुसऱ्यात ठासून रवा, भरलेत दोन्ही काठापर्यंतच पण उचलल्यावर हाताला फरक कळतो. आपला कान काठ बघत नाही, वजन बघतो.

आकड्यात बोलायचं तर (शून्य म्हणजे यंत्रणेची कमाल पातळी, त्याखालचं सगळं उणे) समजा दोघांचंही टोक उणे ५ डेसिबलवर आहे, सिरीयलमधलं बोलणं सरासरी उणे २८ च्या आसपास फिरतंय आणि जाहिरात उणे १५ वर बसलीय, तर फरक झाला १३ डेसिबलचा, आणि साधारण १० डेसिबल वाढले की माणसाला आवाज दुप्पट वाटतो. नियम कोणी मोडला नाही आणि तरी आवाज दुपटीच्या वर.

दुसरी गोष्ट आवाजाच्या जातीची. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, बोलण्यातले स, श, च, क हे वर्ण कानाला स्पष्ट लागतात ते बऱ्याच अंशी या भागामुळेच, आणि जाहिरातीचा निवेदक मिक्समध्ये बरोबर तिथेच उजळवलेला असतो. त्यामुळे मीटरवर आकडा सारखा आला तरी जाहिरात पुढे येऊन बोलल्यासारखी वाटते. त्यात ब्रेक टाकायची जागाही बघा, प्रसंग ताणून ताणून शांत केलेला असतो, नायिका काहीतरी सांगणार तेवढ्यात कट. शांततेनंतर येणारा कुठलाही आवाज जोरातच लागतो. स्टुडिओत क्लायंटला जाहिरात ऐकवतात तेव्हा ती एकटीच वाजत असते, मोठ्या स्पीकरवर, आणि तिथे मागणी एकच असते की ब्रेकमधल्या बाकीच्या जाहिरातींमधून आपली उठून आली पाहिजे. सगळेच उठून येतात. तिच्या आधी सिरीयलमध्ये काय चाललं होतं याचा विचार त्या खोलीत कोणी करत नाही, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कारण ऐकणारा जाहिरात एकटी कधीच ऐकत नाही.

तिसरं कारण आपल्या भिंतीवरच टांगलेलं आहे आणि माझ्या मते अर्धा त्रास तिथून येतो. आताचे टीव्ही बोटभर जाडीचे, स्पीकर छोटे, त्यांचं तोंड खाली नाहीतर मागे भिंतीकडे. बोलणं भिंतीवर आपटून, पडद्यात नि सोफ्यात मुरून आपल्यापर्यंत येतं, वर पंखा चालू, किचनमध्ये मिक्सर. संवाद कळत नाही म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो. म्हणजे रिमोटवरचा व्हॉल्यूमचा आकडा आपण संवादासाठी निवडलेला असतो आणि तो आयता जाहिरातीला मिळतो. म्हणून नुसता जाहिरातीचा आवाज कमी करायच्या मागे लागू नका, आधी संवाद कमी व्हॉल्यूमवर कळतील असं करा, मग जाहिरात तेवढीच खाली येते.

आता आधी निदान. सगळ्या चॅनलवर होतंय का एकाच, फक्त एचडीवर होतंय का, फक्त ॲपवर का, की फक्त गावातल्या दुकानांच्या नि क्लासेसच्या जाहिराती लागल्या की होतंय, हे दोन-तीन संध्याकाळी लक्ष ठेवून बघा. सगळीकडे होत असेल तर उपाय टीव्हीत आहे, एचडीवरच होत असेल तर ऑडिओ ट्रॅकमध्ये, एकाच चॅनलवर असेल तर चूक चॅनलकडे, आणि लोकल जाहिरातींपुरतं असेल तर केबलच्या कंट्रोल रूममध्ये. फोनवर साऊंड मीटरचं फुकट ॲप मिळतं ते टाका, नेहमीच्या जागी बसून फोन मांडीवर नको, टीपॉयवर ठेवा, आणि सिरीयलमधल्या साध्या बोलण्याची दोन-तीन मिनिटांची सरासरी घ्या, मग ब्रेकची सरासरी घ्या. ॲपमध्ये सरासरी ‘एव्हरेज’ किंवा ‘एलईक्यू’ नावाने दिसते. ‘मॅक्स’ बघू नका, ते टोक आहे आणि टोकाने काही कळत नाही हे वर झालंच. फोनचा आकडा तंतोतंत बरोबर नसतो पण आपल्याला फरकच हवाय, तेवढं काम होतं. फरक दोन-तीन डेसिबल असेल तर त्रास आवाजाच्या उजळपणाचा आहे, सात-आठच्या वर असेल तर लेव्हलचाच प्रश्न आहे.

पहिलं काम सेट टॉप बॉक्सचं. बऱ्याच घरांत बॉक्सचा स्वतःचा व्हॉल्यूम अर्ध्यावर असतो आणि टीव्हीचा वर चढवलेला असतो कारण दोन रिमोट, ज्याच्या हाताला जो लागेल तो. बॉक्सचा व्हॉल्यूम पूर्ण वर न्या आणि मग फक्त टीव्हीचा कमीजास्त करा. हे करायचं कारण असं की टीव्हीतलं आवाज सारखा करणारं फीचर आत येणाऱ्या सिग्नलची पातळी बघून काम करतं, सिग्नलच अशक्त आला तर जाहिरात ‘मोठी’ आहे हे त्याला कळतच नाही आणि ते गप्प बसून राहतं. बॉक्सच्या मेनूत ऑडिओ आउटपुट ‘डॉल्बी डिजिटल’ असेल आणि तुमच्याकडे साऊंडबार किंवा होम थिएटर नसेल तर ते ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ करा. सहा स्पीकरसाठी केलेल्या मिक्समध्ये संवाद मधल्या स्पीकरमध्ये असतात, ते दोन स्पीकरमध्ये कोंबले की संगीत नि इफेक्ट्सच्या खाली जातात, आणि ब्रेकमध्ये येणारी साधी स्टिरिओ जाहिरात त्यापुढे दणदणीत वाटते. डॉल्बीमध्ये आवाजाबरोबर ‘या कार्यक्रमातलं बोलणं एवढ्या पातळीवर आहे’ अशी चिठ्ठीही जाते, ती चिठ्ठी कार्यक्रमाला एक नि जाहिरातीला चुकीची लागली की उडी आणखी मोठी. एचडी चॅनलवरच त्रास होणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी करून बघा, काही चॅनलला ऑडिओचे दोन ट्रॅक असतात, तिथे स्टिरिओवाला निवडा.

मग टीव्ही. आधी ‘सराऊंड’, ‘व्हर्च्युअल’, ‘थ्री-डी साऊंड’ असलं जे काही चालू असेल ते बंद करा, दोन छोट्या स्पीकरमधून सभोवतालचा भास निर्माण करताना बोलणंच पसरतं. साऊंड मोड ‘स्टँडर्ड’ किंवा मग ‘न्यूज’, ‘क्लिअर व्हॉइस’ असा ठेवा, सोनीच्या काही मॉडेलमध्ये ‘व्हॉइस झूम’ आहे, अँड्रॉइडवाल्या बऱ्याच टीव्हीत डॉल्बीच्या मेनूत संवाद उजळवायचा पर्याय असतो. इक्वलायझर असेल तर बास दोन-तीन घर खाली आणा, ‘मूव्ही’ मोड सिरीयलसाठी नको. एवढं केलं की साधारण त्याच संवादासाठी कमी व्हॉल्यूम पुरतो.

त्यानंतर खरं औषध, ऑटो व्हॉल्यूम. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, साऊंड, एक्सपर्ट सेटिंग्ज आणि तिथे ‘ऑटो व्हॉल्यूम’. सोनीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑटो व्हॉल्यूम’. एलजीत साऊंडच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात ‘ऑटो व्हॉल्यूम’. बाकीच्यांत ‘व्हॉल्यूम लेव्हलर’, ‘ट्रूव्हॉल्यूम’ अशी नावं दिसतील, मॉडेल नि सॉफ्टवेअरप्रमाणे जागा बदलते पण साऊंडच्या मेनूत आत कुठेतरी असतंच, आणि कंपनीकडून बहुतेक वेळा बंदच येतं. हे चालू केलं की टीव्ही स्वतः सरासरी बघत राहतो आणि मोठं खाली, छोटं वर करतो. पहिला सेकंदभर जाहिरात निसटते कारण त्याला मोजायला तेवढा वेळ लागतो, तो दोष नाही. पण एक लक्षात ठेवा, याची किंमत असते. शांत प्रसंगात मागची खरखर वर येते, आणि गाण्याच्या कार्यक्रमात तर हे बंदच करा, एखादी बैठक ऐकताना गायक हळू स्वर लावतो नि मग खुला करतो तो सगळा चढउतार हे सपाट करून टाकतं, तबला वाजला की गळा मागे सरकल्यासारखा वाटतो. सिरीयल आणि बातम्यांना चालू, गाण्याला आणि चांगल्या सिनेमाला बंद, असं मी सांगतो.

साऊंडबारवाल्यांची तक्रार असते की ऑटो व्हॉल्यूम चालू करूनही काही फरक नाही. साऊंडबार एआरसी किंवा ऑप्टिकलने जोडला आणि टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पास थ्रू’वर असेल तर टीव्ही आवाजाला हातच लावत नाही, आला तसा पुढे ढकलतो, म्हणून फरक नाही. अशावेळी टीव्हीचं आउटपुट ‘पीसीएम’ करा किंवा साऊंडबारचाच ‘नाईट मोड’ चालू करा, त्याचं काम तेच आहे, मोठं दाबणं. सबवूफर कमी करा, जाहिरातींच्या ढोलताशांचा अर्धा दणका तिथून येतो आणि खालच्या मजल्यावर जातो तोही तोच.

आता घरात आजी-आजोबा असतील तर हा भाग नीट वाचा. वयामुळे ऐकू कमी यायला लागतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, त, फ, आणि म्हणून ‘बोलताहेत हे कळतं पण काय बोलताहेत ते कळत नाही’ असं त्यांचं म्हणणं असतं. हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र आपल्याइतकाच मोठा लागतो, कधी जास्तच बोचतो. मधला जो आरामाचा पट्टा असतो तोच अरुंद होतो. त्यामुळे आजी व्हॉल्यूम ४० वर नेते आणि जाहिरात लागली की कानावर हात ठेवते, दोन्ही खरं असतं, ती उगाच कटकट करत नसते आणि तिला त्यावरून बोलणं हा अन्याय आहे. त्यांच्यासाठी ऑटो व्हॉल्यूम आणि क्लिअर व्हॉइस दोन्ही चालू ठेवाच, शक्य असेल तर टीव्हीला हेडफोन जोडून द्या, काही टीव्हीत हेडफोन आणि स्पीकर एकाच वेळी चालतात नि दोघांचे व्हॉल्यूम वेगळे ठेवता येतात, मग सगळ्या घराला ४० ऐकावा लागत नाही. आणि व्हॉल्यूम महिन्यागणिक वर चाललाय असं दिसलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, टीव्हीचे उपाय त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

ॲपवर बघणाऱ्यांचं दुखणं वेगळं. मॅच चालू असताना ओव्हर संपली की येणारी जाहिरात ही त्या मॅचच्या ऑडिओचा भाग नसतेच, ती दुसरीकडून येऊन मध्ये जोडली जाते, कोणी कशी बनवून दिली त्यावर तिची पातळी. फोनवर याला फार इलाज नाही हे खरं आहे. यूट्यूबवर व्हिडिओच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टेबल व्हॉल्यूम’ आहे ते व्हिडिओतला चढउतार कमी करतं, म्हणजे मूळ आवाज कमी ठेवून भागतं. टीव्हीवर ॲप बघत असाल तर ऑडिओ ट्रॅक ५.१ ऐवजी स्टिरिओ घ्या आणि टीव्हीचं ऑटो व्हॉल्यूम ॲपलाही लागू होतंय का ते तपासा, काही टीव्हीत प्रत्येक इनपुटची साऊंड सेटिंग वेगळी असते, एचडीएमआयवर केलेलं ॲपला लागत नाही आणि लोक म्हणतात सेटिंग आपोआप उडालं.

हे सगळं आपण का करायचं, चॅनलनेच का नाही, हा प्रश्न रास्त आहे. आवाज टोकाऐवजी कानाला जाणवतो तसा मोजायची पद्धत अस्तित्वात आहे, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००६ साली बीएस.१७७० हे मानक काढलं, त्यात कानाच्या तिखटपणाप्रमाणे वजन देऊन सरासरी काढतात, त्याचं एकक एलयूएफएस. युरोपच्या प्रसारकांच्या संघटनेने २०१० मध्ये त्यावरून आर १२८ काढलं, कार्यक्रम असो वा जाहिरात, सरासरी उणे २३. अमेरिकेत तर लोकांच्या तक्रारींवरून कायदाच झाला, ‘काम’ (CALM) अ‍ॅक्ट, डिसेंबर २०१० मध्ये ओबामांनी सही केली आणि १३ डिसेंबर २०१२ पासून अंमल, जाहिरातीची सरासरी आजूबाजूच्या कार्यक्रमापेक्षा जास्त नको. तिकडे राहणाऱ्यांनी चॅनलवर त्रास झाला तर एफसीसी या तिथल्या सरकारी प्रसारण नियामकाच्या साइटवर तक्रार टाकावी, चॅनलचं नाव, वेळ आणि जाहिरात कुठली ते लिहून. तो कायदा स्ट्रीमिंगला लागू नव्हता, म्हणून कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये स्ट्रीमिंगसाठी वेगळा कायदा केला, अंमल १ जुलै २०२६ पासून.

या मानकांतही एक फट आहे. सरासरी अख्ख्या कार्यक्रमाची धरली तर तासाभराच्या कार्यक्रमात मारामारी नि गाणी धरून उणे २३ येतं, पण ब्रेकच्या आधीचा शांत प्रसंग उणे ३२ वर असू शकतो. जाहिरात नियमाप्रमाणे उणे २३ वर आली तरी त्या क्षणी नऊची उडी आहेच. म्हणून युरोपात छोट्या जाहिरातींना वेगळी पुरवणी आहे, त्यात काही सेकंदांचा तुकडाही किती वर जाऊ शकतो त्याला मर्यादा घातलीय.

आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ यातल्या जाहिरात संहितेत, नियम ७ मध्ये, जाहिरातीचं दृश्य आणि आवाज अवाजवी ‘लाऊड’ नसावा असं लिहिलेलं आहे. तीस वर्षं झाली, तरी त्या वाक्यात आकडा नाही, कशाने मोजायचं ते नाही. अवाजवी म्हणजे किती हे कोण ठरवणार? मला वाटतं आपण मागायला हवा तो आकडाच, कारण मीटर आता प्रत्येक एडिट स्टुडिओत कॉम्प्युटरमध्ये आहे, मोजायला काही खर्च नाही.

तरीही तक्रार करा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक चॅनलला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो आणि तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो, त्याने समाधान झालं नाही तर प्रसारकांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. पत्ता चॅनलच्या वेबसाइटवर तळाशी असतो. ‘तुमच्या जाहिराती फार मोठ्या असतात’ एवढंच लिहिलंत तर उत्तरही तसंच गुळगुळीत येईल. तारीख, वेळ, कार्यक्रम, कुठल्या जाहिरातीला, डीटीएच की केबल, एसडी की एचडी, ऑटो व्हॉल्यूम बंद ठेवून फोनच्या मीटरवर कार्यक्रमाची सरासरी किती आणि ब्रेकची किती, हे लिहा, आणि कार्यक्रमातून ब्रेकमध्ये जातानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा, नियम ७ चा उल्लेख करा.

लोकल केबल चॅनलवर गावातल्या जाहिराती फाटक्या आवाजात येत असतील तर तिथे मोठ्या चॅनलकडे तक्रार करून उपयोग नाही, त्या तुमच्या केबलवाल्याच्या कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवरून लागतात आणि कोणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेली फाइल तशीच चढवलेली असते. त्याला फोन करून वेळ सांगा, ती फाइल सहा डेसिबल खाली करायला कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटं लागतात, आणि बिल्डिंगमधल्या तीन-चार घरांनी एकाच आठवड्यात सांगितलं तर तो करतो.